खंडेनवमीची पक्कड

खंडेनवमीला आमच्या घरी पाटावर काय मांडायचे, हा दरवर्षीचा पेच असतो. ज्यांच्या पूर्वजांनी तलवार गाजवली त्यांचे बरे असते. भिंतीवरची तलवार खाली काढायची, लिंबू लावून तिचा गंज घासायचा, आणि मुलाबाळांना पराक्रमाच्या गोष्टी सांगत तिच्यावर फुले वाहायची. आमच्या घराण्यात तलवार तर राहोच, धारेची कुऱ्हाड बाळगणाराही कुणी होऊन गेल्याचे ऐकिवात नाही. तेव्हा आमच्या पाटावर येतात ती शस्त्रे अशी: सौ.ची विळी, आईच्या वेळचा अडकित्ता, शिवणाची कात्री, माझे शाईचे पेन, आणि अलीकडे चिरंजीवांच्या हट्टामुळे त्यांचा संगणकाचा माऊस. या शस्त्रागारावर हळदकुंकू वाहताना मला दरवर्षी थोडे ओशाळल्यासारखे होते. शत्रू खरोखरच चालून आला तर आमची सगळी भिस्त विळीवर!

पण २०२५ सालापासून या शस्त्रागारात एका खऱ्याखुऱ्या हत्याराची भर पडली आहे. वीतभर लांबीची, काळपट पोलादी, चोचीसारख्या तोंडाची एक पक्कड. ती आमच्या घरी कशी आली, तिच्यापायी माझी फजिती कशी झाली आणि एका माणसाचे तीन महिन्यांचे कष्ट कसे वाचले, ती हकीकत आज सांगायची आहे.

मी पुण्याच्या मार्केट यार्डात एका भुसार आडत पेढीवर दिवाणजी आहे. वडीलही दिवाणजीच होते. फरक इतकाच की त्यांची पेढी भवानी पेठेत होती. पुढे पेठांतला घाऊक व्यापार गुलटेकडीला हलला, तेव्हा पेढीबरोबर आमची गादीही इकडे आली. गादी म्हणजे अगदी खरोखरची, कापसाची. तिच्यावर बसून शेतकऱ्यांच्या पट्ट्या लिहिता लिहिता माझे केस पांढरे झाले. हाताला शाईचे डाग पडले. तेलाचे कधी पडले नाहीत.

एरवी आमच्या बाजूला हळद-मिरचीचा ठसका असतो. दसऱ्याच्या आधीचे दोन दिवस मात्र फुलबाजाराकडून येणारा झेंडूचा वास सगळ्यांवर मात करतो. या झेंडूचे नशीब मोठे चमत्कारिक आहे. दसऱ्याच्या सकाळी घराघराला, दुकानादुकानाला, रिक्षापासून रोडरोलरपर्यंत सगळ्यांना तो हवा असतो. आणि दुपार कलली की त्याला कुणी विचारीत नाही. सकाळी ज्याच्यासाठी घासाघीस चालते, त्याचेच ढीग संध्याकाळी रस्त्याच्या कडेला टाकून शेतकरी घरी जातात. गव्हाला, गुळाला थांबता येते. झेंडूला थांबता येत नाही.

त्या वर्षी खंडेनवमी बुधवारी, १ ऑक्टोबरला आली होती. सप्टेंबरात पावसाने मुलूख नुसता झोडपून काढला होता. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे तर पुराने शेतेच्या शेते खरवडून नेली होती. माझी बहीण पुरंदर तालुक्यात दिली आहे. तिच्या मुलाचा झेंडूही निम्मा पाण्यात बसला. उरलेला निम्मा त्याने लेकरासारखा जपला. त्यातला पहिला तोडा घेऊन तो पहाटे स्वतःच्या टेंपोने यार्डात आला आणि सातच्या आत मोकळा झाला. दुसरा, मोठा तोडा संध्याकाळपर्यंत निघायचा होता. बहीण, सून आणि शेजारच्या चार बाया तोडणीला लागल्याही होत्या. ती फुले रात्रीतून यार्डात पोहोचली तर खताचे देणे फिटून हातात काही उरणार होते. न पोहोचली तर शेतातल्या शेतात नांगरून टाकायची.

"येतो मामा, रात्री गाठ पडंल," असे म्हणून भाच्याने टेंपो चालू केला. तो आमच्या गाळ्यासमोरून वळतो न वळतो, तोच टेंपोच्या पोटातून 'कटक् कटक्' असा आवाज येऊ लागला. पोती उतरवीत असलेले हमालांचे मुकादम हात वर करून पुढे धावले. सगळे यार्ड त्यांना आण्णा म्हणते. त्यांनी वाकून खाली पाहिले आणि मान हलवली.

"क्रॉस गेलाय पोरा. असाच दिवे घाटात नेशील तर शाफ्ट खाली येईल. गाडी हलवू नकोस."

वाचकहो, तोपर्यंत क्रॉस म्हणजे काय हे मलाही ठाऊक नव्हते. तेव्हा तुम्हांला नसेल तर त्यात कमीपणा नाही. इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा एक लांब दांडा टेंपोखाली असतो. चाके खड्ड्यांत वरखाली होतात, इंजिन आपल्या जागी असते. म्हणून या दांड्याला मनगटासारखा सांधा लागतो. या सांध्याला सोळाव्या शतकातल्या कार्डानो नावाच्या इटालियन पंडिताचे नाव आहे, आणि सतराव्या शतकातल्या हूक या इंग्रज शास्त्रज्ञाचेही. आमच्या यार्डात मात्र या थोर पुरुषांना कुणी ओळखत नाही. सांध्याच्या मध्यभागी बेरजेच्या चिन्हासारखा जो पोलादी तुकडा असतो, त्यावरून सगळे त्याला 'क्रॉस' म्हणतात. क्रॉसच्या चारी टोकांवर चार वाट्या, वाट्यांच्या आत सुयांसारखी बारीक बेअरिंगे, आणि वाटी बाहेर निसटू नये म्हणून प्रत्येकीच्या तोंडाशी खाचेत बसवलेले एक कडे. या कड्याला म्हणायचे सर्क्लिप. कारागीर नुसते 'लॉक' म्हणतात.

ते कडे दिसायला अगदी साधे. तान्ह्या मुलाच्या हातातल्या वाळ्यासारखे, दोन टोके न जुळलेले. दोन्ही टोकांना दोन कान, आणि दोन्ही कान टोचलेले! त्याला ना आटे, ना खिळा. स्प्रिंगच्या पोलादाचे असते. आवळून भोकात घालायचे आणि सोडून द्यायचे. ते आपले अंग पसरते आणि खाचेत घट्ट बसते. बाहेरच्या बाजूला सतत रेटत राहणे एवढेच त्याचे काम. त्या रेट्यावरच त्याची सगळी हुकमत.

भाचा तसा हाताचा चांगला. त्याने बोल्ट सोडून शाफ्ट खाली उतरवला, गोणपाटावर आडवा ठेवला आणि एक जाड स्क्रूड्रायव्हर घेऊन पहिल्या कड्याच्या कानात खुपसला. कडे चिखलाने आणि गंजाने असे बसले होते की खाच कुठली आणि कडे कुठले हेही ओळखू येईना. भाचा जोर लावू लागला. मी चष्मा सावरून, काय चालले आहे ते नीट दिसावे म्हणून, अगदी जवळ तोंड नेले.

'टण्' असा आवाज झाला. माझ्या उजव्या डोळ्यासमोर काहीतरी चमकले आणि मी मागच्या मागे पोत्यांवर बसलो. कडे सुटले होते. सुटून थेट माझ्या चष्म्यावर आले होते, आणि तिथून उडून दोन गाळे पलीकडे जाऊन पडले होते. काचेवर बुबुळाच्या बरोबर समोर एक चरा उमटला. काच नसती तर ही हकीकत मला दुसऱ्या कुणाकडून लिहवून घ्यावी लागली असती.

भाचा पांढराफटक पडला. "मामा, लागलं का हो?" म्हणून त्याने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. मी हसलो, पण गुडघे थरथरत होते. त्या घाबरगुंडीत त्याने दुसऱ्या कड्यावर स्क्रूड्रायव्हर लावला तो भलत्याच कोनात, आणि त्या कड्याचा एक कान तुटून हातात आला. आता त्याला धरायलाही काही उरले नाही.

आण्णा म्हणाले, "याला पक्कड वेगळी असते. सर्क्लिपची पक्कड. जोरानं होणारं काम नाही हे."

आता तुम्ही म्हणाल, यार्डाच्या आसपास मिस्त्री काय थोडे आहेत? पुष्कळ आहेत, पण ती खंडेनवमी होती! फोन केले तिकडून एकच उत्तर आले: हत्यारे पूजेत मांडली, आता उद्याशिवाय हात लावायचा नाही. दुसरा टेंपो भाड्याने घ्यावा तर दसऱ्याच्या आदल्या दिवशी रिकामा टेंपो मिळणे म्हणजे लग्नसराईत रिकामा वाजंत्री मिळण्यासारखे. मी खतावणी मिटली, मालकांना विचारले आणि स्कूटर काढली. नवा क्रॉसही आणायचा होताच.

मोटारींचे सुटे भाग म्हणजे नाना पेठ. अर्धी दुकाने पूजेच्या तयारीत होती. एका दुकानात क्रॉस लगेच मिळाला. मग मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो, "आणि एक सर्क्लिपची पक्कड."

दुकानदाराने विचारले, "आतल्या लॉकची की बाहेरच्या?"

मी गप्प.

"सरळ तोंडाची की वाकड्या?"

मी गप्प.

"कानाचं भोक केवढं आहे?"

तीस वर्षे मी शेतकऱ्यांना माल कुठला, वाण कोणता, पोती किती, असे प्रश्न तोंड वर न करता विचारत आलो आहे. गादीच्या अलीकडे उभे राहिल्यावर कसे वाटते ते मला त्या दिवशी कळले. पण 'मला ठाऊक नाही' हे तीन शब्द उच्चारायला माणसाला किती जड जातात पाहा! कडे वाटीच्या बाहेरच्या बाजूला बसलेले मी डोळ्यांनी पाहिले होते; म्हणून ठासून सांगितले, "बाहेरच्या." त्याने एक नाजूक चकचकीत पक्कड कागदात गुंडाळून दिली आणि दुकानाचे शटर अर्धे खाली ओढले.

यार्डात येऊन भाच्याने ती पक्कड तिसऱ्या कड्याच्या कानांत घातली आणि मूठ आवळली. तोंडे मिटण्याऐवजी उघडू लागली. जितके आवळावे तितकी ती उघडत. कडे जितके सैल व्हायला हवे तितके ते खाचेत घट्ट! शेवटी पक्कडीचे एक नाजूक टोक वाकून गेले. आता 'आतले' आणि 'बाहेरचे' यांचा अर्थ माझ्या ध्यानात आला. दांड्यावर बाहेरून बसते ते बाहेरचे. ते पसरून काढावे लागते. भोकाच्या आत बसते ते आतले. ते आवळून काढावे लागते. पुढे सवडीने वाचले तेव्हा समजले की जर्मन मानकांत दोघांचे क्रमांकही वेगळे आहेत: दांड्यावरच्याचा ४७१ आणि भोकातल्याचा ४७२. आपल्या भारतीय मानकात दोघांचा क्रमांक एकच, ३०७५. पण भाग निरनिराळे. म्हणजे सख्खे भाऊ, पण चुली वेगळ्या. एकाचे औषध दुसऱ्याला चालत नाही.

एवढ्यात सौ.चा फोन. "अहो, पूजा खोळंबली आहे. पेन तुमच्या खिशातच आहे ना? आणि नैवेद्य निवतोय." मी म्हणालो, "पूजा तू करून घे. मी इकडे हत्याराच्याच मागे आहे." यावर पलीकडून जी शांतता पसरली तिचा अर्थ विवाहित वाचकांना सांगायला नको.

नाना पेठ आता बंद झाली असणार. मी कपाळाला हात लावून बसलो होतो, तोच आण्णांनी विचारले, "दिवाणजी, आज वार कोणता?" बुधवार! मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. पुन्हा स्कूटरला लाथ मारली.

जुन्या बाजारात काय नसते? किल्ल्यांशिवाय कुलपे असतात, कुलपांशिवाय किल्ल्या असतात. पितळी समयांच्या शेजारी ट्रकचे पाने, आणि कधी काळी कुणाच्या दिवाणखान्यात मिरवलेली घड्याळे. तिथे एका फाटक्या ताडपत्रीवर हत्यारांचा ढीग मांडून एक आजी बसल्या होत्या. या वेळी मी शहाणपणा केला नाही. म्हणालो, "आजी, मला यातलं काही कळत नाही. भोकात बसलेलं एक कडं आहे, त्याला टोचलेले कान आहेत, आणि ते आवळून काढायचं आहे." आजींनी ढिगात हात घातला आणि एक काळी, जड, जाडजूड पक्कड वर काढली. मूठ दाबून दाखवली. "ही बघा. दाबली की मिटती." दीडशे रुपये म्हणाल्या, मी घासाघीस न करता दिले. आडत्याच्या दिवाणजीने घासाघीस केली नाही, यावरून माझ्या मनाची अवस्था ओळखा.

दोन वाजून गेले होते. आण्णांनी हमाल पंचायतीच्या 'कष्टाची भाकर' केंद्रातून भाजीभाकरी आणून ठेवली होती. भाच्याने तिला हात लावला नव्हता. त्याने पक्कड घेतली, कानांवर टेकवली. टोके भोकात जाईनात! केसभर जाड होती. सकाळची पक्कड नाजूक आणि उलटी. ही मजबूत आणि सुलटी, पण तिला कानांत शिरताच येईना. भाचा शाफ्टशेजारी फतकल मारून बसला. तेवढ्यात बहिणीचा फोन आला. तो मी घेतला. "दादा, निम्मं रान तोडून झालं. फुलं बांधावर सावलीत ठेवलीत. गाडी कधी येतीय?" मी म्हणालो, "येतीय, येतीय." खोटे बोलायचीही एक सवय लागते, मला ती नव्हती.

टेंपो स्टँडच्या मागच्या बोळात एका वयस्क मिस्त्रींचे गॅरेज आहे. सकाळी ते कुलूपबंद होते. आम्ही दोघे पुन्हा तिकडे गेलो. दार उघडे होते. आत लाल कापडावर पाने, गोट्या, हातोड्या, पक्कडी ओळीने मांडल्या होत्या. धुऊन पुसून लख्ख, प्रत्येकीवर कुंकवाचे बोट, मध्ये नारळ आणि वर झेंडूच्या माळा. आणि त्या रांगेत, मला लगेच ओळखू आली, तशीच चोचीची, पण नेमक्या टोकांची पक्कड. माळेखालून तिची मूठ डोकावत होती.

मी म्हणालो, "मिस्त्री, अर्ध्या तासाचं काम आहे. दुप्पट मजुरी घ्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "दिवाणजी, तुमच्या पेढीवर लक्ष्मीपूजन झालंय, चोपडीवर अक्षता पडल्यात, अन् मी येऊन म्हटलं, ही चोपडी जरा द्या, मला हिशोब करायचाय, दुप्पट पैसे घ्या. द्याल?"

माझ्या तोंडून शब्द फुटेना. तरी मी रेटा सोडला नाही. "अहो, पण पोराचं नुकसान होतंय..."

"दरवर्षी कुणाचं ना कुणाचं होतं. माझ्या बापानं रीत घालून दिली. वर्षभर हत्यार आपल्यासाठी राबतं. एक दिवस त्याला हात लावायचा नाही." आणि ते तोंड फिरवून उदबत्ती लावू लागले. मी जितके बोललो तितके ते घट्ट बसले.

तेव्हा भाचा पुढे झाला. त्याने आधी पूजेला हात जोडले. मग म्हणाला, "मिस्त्री, हत्यार नका उचलू. तुमची पूजा मोडायला आम्ही आलोच नाही. आमच्याजवळ आमची पक्कड आहे. आमचं काय चुकतंय, तेवढं नुसतं बघून सांगा."

मिस्त्रींनी उदबत्ती खोचली. थोडा वेळ ते तसेच उभे राहिले. मग पायांत चपला सरकवल्या आणि म्हणाले, "चला. बघायला काय झालंय!"

शाफ्ट पाहून ते एका पालथ्या क्रेटवर बसले आणि पहिला प्रश्न त्यांनी माझ्या चष्म्याकडे बोट करून विचारला, "हे कशानं?" मी सांगितले. ते एकदम गंभीर झाले. "डोळा गेला असता. आधी याच्या तोंडाला काहीतरी बांधा." त्यांचा काम करायचा गॉगलसुद्धा पूजेत होता! शेवटी माझे स्कूटरचे हेल्मेट भाच्याच्या डोक्यावर चढले, काच खाली ओढली, आणि अंतराळवीरासारखा तो शाफ्टपुढे बसला. पोती वाहणारे हमाल क्षणभर थबकून पाहून जाऊ लागले.

"आता ऐक. टोकं जाड आहेत ना? मग ती भोकाजोगी करायची. सैल गेली तर निसटतील, घट्ट असली तर शिरणार नाहीत. बसली पाहिजेत अन् हलली नाही पाहिजेत." समोरच्या दुकानातून एमरी पेपर आणला. तो काही हत्यारांत मोडत नाही, असा निर्वाळा देऊन मिस्त्रींनी स्वतःच टोके घासायला घेतली. घासायची, कानाला लावून पाहायची, पुन्हा घासायची. अर्धा तास ते एवढेच करीत होते. मी घड्याळाकडे पाहत होतो. त्यांनी एकदाही पाहिले नाही.

"आता पक्कड बाजूला ठेव," टोके मनासारखी झाल्यावर ते म्हणाले. "आधी खाच ब्रशनं साफ कर. डिझेल सोड. अन् मग हातोडीनं वाटीवर हळू टोला दे. आत, आतल्या बाजूला."

"आत? पण वाटी बाहेर काढायचीय ना?" भाच्याने हेल्मेटमधून विचारले.

"सगळी इथंच चुकतात. वाटी आतून कड्यावर चेपून बसलीय. त्याच्या पाठीवर ओझं असताना ते हलणार कसं? आधी ओझं काढ. मग कान धर, दोन्ही, एकदम. एक धरून ओढलास की ते उसळणार. कान धरून त्याला जागच्या जागी थोडं फिरव. फिरलं म्हणजे समज, सुटलं. वर गोणपाट धरा."

भाच्याने टोला दिला. बारीक 'टुक्' झाले; वाटी केसभर आत सरकली असेल नसेल. त्याने पक्कडीची टोके कानांत घातली, मूठ आवळली, मनगट किंचित फिरवले. गंजाची तांबडी पूड खाली पडली आणि सकाळपासून चार माणसांना न जुमानणारे ते कडे, आज्ञाधारक मुलासारखे, पक्कडीला धरून बाहेर आले. ना आवाज, ना उसळी.

"चौथं दिवाणजी काढतील," मिस्त्री म्हणाले. मला वाटले थट्टा आहे. पण त्यांनी हेल्मेट भाच्याच्या डोक्यावरून काढून माझ्या डोक्यावर ठेवले. ती पक्कड हातात घेतली तेव्हा पहिल्या दिवशी गादीवर बसून वडिलांच्या देखत पट्टी लिहिताना झाला होता तसा हात कापत होता. कान धरले. आवळले. कडे नरम पडलेले बोटांना आधी कळले आणि डोळ्यांना मागून दिसले. कोण आनंद झाला म्हणून सांगू! खतावणीची बेरीज एका फटक्यात जुळावी तसा.

उरले ते कान तुटलेले. त्याला पक्कड चालणार नव्हती. मिस्त्रींनी वाटी आत ठोकून घ्यायला लावली, बारीक पंचने त्याचे मोकळे टोक खाचेतून मध्याकडे ढकलायला सांगितले, आणि ओल्या गोणपाटाखाली ते स्क्रूड्रायव्हरने उचलून घेतले. सर्वांत जास्त वेळ त्यालाच लागला. "जोर करून मोडलं की काम असं वाढतं," एवढेच ते बोलले. माझ्याकडे न पाहता बोलले, हा त्यांचा मोठेपणा.

पुढचे काम भाच्याच्या हातचे होते. लहान गोटी वाटीवर ठेवून ठोकून जुना क्रॉस काढला, नवा बसवला. नव्या क्रॉसबरोबर चार नवी कडी आली होती. तीही त्याच पक्कडीने बसली. प्रत्येक कडे खाचेत पडताना 'टक्' असे वाजे, आणि ते ऐकल्याशिवाय मिस्त्री पुढचे बसवू देत नसत. ग्रीस भरले. साडेपाचला टेंपो मुकाट्याने, काही न कुरकुरता, यार्डाच्या फाटकातून बाहेर पडला. मी खिशात हात घातला तसे मिस्त्री म्हणाले, "आज हत्यार उचललं नाही, तर मजुरी कशाची? उद्या दाराला तोरण करायला फुलं आणायला सांगा पोराला."

भाचा रात्री अडीचला फुले घेऊन परत आला. दसऱ्याच्या सकाळी आठच्या आत त्याचा माल गेला. त्याच दिवशी दुपारी मी रस्त्याच्या कडेला झेंडूचे ढीग पडलेले पाहिले. कुणाच्या तरी बहिणीने तेही सावलीत जपले असतील. कुणाची गाडी कुठे अडली होती, कोण जाणे. देणे फिटून भाच्याच्या हातात फार उरले असे नाही. पण नांगर फिरवावा लागला नाही. मिस्त्रींच्या दाराला मात्र त्या दिवशी आख्ख्या बोळात मोठे तोरण होते.

मी त्या कड्याचा पुष्कळ विचार केला आहे. मिस्त्रींना मी दुप्पट मजुरीचा स्क्रूड्रायव्हर लावला होता आणि ते उसळले होते. भाच्याने आधी त्यांच्या पाठीवरचे ओझे काढले, मग कान धरले. हे त्याला कुणी शिकवले, ते मला ठाऊक नाही. सोनारानेच कान टोचावेत म्हणतात. टोचलेले कान धरायलाही सोनाराचाच हात लागतो.

पक्कड भाच्याला देऊ केली, तर तो म्हणाला, "तुमच्याकडंच राहू द्या मामा, गाडी अडली तर यार्डातच अडायची." दसऱ्याला सकाळी सौ.ने तिला कुंकू लावले. आदल्या दिवशीच्या खोळंबलेल्या नैवेद्याबद्दल ती अजून थोडी घुश्शातच होती. पण चष्म्यावरचा चरा तिने बोट लावून पाहिला आणि नंतर काही बोलली नाही. काच बदलली. जुनी काच मी गादीच्या खणात ठेवली आहे.

तेव्हापासून टेंपो स्टँडवरचा एखादा पोरगा गाळ्यात येतो आणि विचारतो, "दिवाणजी, लॉक काढायची ती पक्कड आहे ना तुमच्याकडं?" मी पेन खाली ठेवतो, चष्म्यावरून पाहतो आणि संथपणे विचारतो, "आतलं की बाहेरचं? कानाचं भोक केवढं?" तो गप्प उभा राहतो. त्याला फार वेळ उभे ठेवत नाही मी. पक्कड काढून देतो, बरोबर एक गोणपाट आणि माझे हेल्मेट देतो, आणि सांगतो, "आधी वाटीवर आत टोला दे."